हौशी रेडिओ-मंडळे आणि त्यांचा परिसर : अड्यारचे उदाहरण

बिनतारी संदेशवहनाची विद्या जन्मास आली तेव्हापासून तिला दोन प्रकारचे उपासक लाभले. पहिल्या प्रकारात सरकारे, आरमारे, जहाज-कंपन्या आणि तारखाती येतात. त्यांना या विद्येचा उपयोग हवा होता. दुसऱ्या प्रकारात शाळकरी मुले, शिक्षक, वैद्य, कारकून आणि अभियंते येतात. त्यांना ही विद्या स्वतःच्या हाताने करून पाहावयाची होती. या दुसऱ्या वर्गाच्या छंदालाच पुढे ‘हौशी रेडिओ’ असे नाव पडले. परवाना घेऊन, स्वतःच्या खर्चाने उभारलेल्या केंद्रावरून, कोणत्याही आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता जगातील अन्य हौशी चालकांशी संभाषण करणे आणि त्या निमित्ताने विद्युत्-शास्त्राचे ज्ञान वाढविणे, अशी त्याची थोडक्यात व्याख्या करता येईल. अशा चालकास जगभर ‘हॅम’ म्हणतात.

हौशी रेडिओ व आकाशवाणी यांतील फरक आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. आकाशवाणीवर एक बोलतो आणि असंख्य लोक ऐकतात, ऐकणाऱ्यास उत्तर देण्याची सोय नसते. गिंडी येथील अण्णा विद्यापीठाने १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू केलेल्या ‘अण्णा एफएम’सारख्या सामुदायिक केंद्रामुळे बोलणारा व ऐकणारा एकाच वस्तीतले झाले, तरी प्रक्षेपणाची दिशा मात्र एकच राहिली. हौशी रेडिओत प्रत्येक ऐकणारा बोलणाराही असतो. छंद एकट्याचा असला, तरी त्यातून मंडळे निर्माण होण्याचे कारण या एका गोष्टीत आहे. उत्तर देणारा कोणी नसेल, तर प्रक्षेपक असून नसल्यासारखा होतो.

प्रस्तुत प्रकरणात अशा मंडळांचा त्यांच्या परिसराशी कोणता संबंध येतो, याचा विचार चेन्नईच्या दक्षिण भागातील अड्यार या वस्तीच्या अनुषंगाने केला आहे. नदी, खाडी, समुद्र, विद्यापीठे आणि कोळ्यांच्या वाड्या एकमेकींस लागून असलेली ही जागा अशा अभ्यासास विशेष सोयीची आहे.

मद्रासमधील आरंभ

भारतात रेडिओची सुरुवात सरकारने केली नसून मंडळांनी केली, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या ध्यानात नसते. मुंबई व कलकत्ता येथील रेडिओ-क्लब १९२३ मध्ये पुढे आले. मद्रासमध्ये सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने १६ मे १९२४ रोजी ‘मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब’ स्थापन झाला आणि त्याच वर्षी ३१ जुलै रोजी त्याचे प्रक्षेपण सुरू झाले. पहिल्या प्रक्षेपकाची शक्ती अवघी ४० वॅट होती. घरातील एका साध्या दिव्याइतक्या शक्तीवर शहरातील श्रोत्यांना गायन व भाषणे ऐकू येऊ लागली. वर्गणीदार थोडे व खर्च मोठा, हे गणित फार दिवस जमणारे नव्हते, आणि १९२७ मध्ये क्लबला प्रक्षेपण थांबवावे लागले.

क्लबने आपला प्रक्षेपक मोडीत काढला नाही, तो मद्रास महानगरपालिकेस दिला. महानगरपालिकेने १ एप्रिल १९३० पासून स्वतःचे प्रक्षेपण सुरू केले. ज्यांच्या घरी ग्राहक-यंत्र नव्हते अशांसाठी मरीना किनाऱ्यावर आणि सार्वजनिक उद्यानांत ध्वनिवर्धक बसविले. १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र उघडेपर्यंत ही व्यवस्था चालू राहिली. हौशी मंडळाने आरंभ करावा, नगरसंस्थेने तो पुढे न्यावा आणि अखेरीस राज्यसंस्थेने त्याचा स्वीकार करावा, असा हा क्रम आहे. सार्वजनिक उपयोगाच्या कित्येक गोष्टी आपल्या देशात याच क्रमाने रुजल्या आहेत.

दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये हौशी चालकांचे परवाने रद्द झाले आणि त्यांना यंत्रे सरकारजमा करावी लागली. शासनाला या विद्येविषयी वाटणारा संशय अगदीच निराधार नव्हता, हे १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओने दाखवून दिले. स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. १५ मे १९४८ रोजी महू येथील लष्करी सिग्नल शाळेत हौशी चालकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. पुढे तिचे कार्यालय दिल्लीस गेले आणि तिला आजचे ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ हे नाव मिळाले.

परवाना आणि शिस्त

हौशी केंद्र चालविण्यासाठी परीक्षा उत्तीर्ण होऊन शासनाचा परवाना घ्यावा लागतो. १९७८ च्या नियमांनी या व्यवस्थेची चौकट आखून दिली. परीक्षेत विद्युत् व रेडिओ यांची मूलतत्त्वे आणि संदेशवहनाचे नियम असे दोन मुख्य विषय असतात. मोर्स लिपीचे ज्ञान दीर्घकाळ अनिवार्य होते. २००३ च्या जागतिक परिषदेने त्या अटीचे आंतरराष्ट्रीय बंधन काढून टाकले आणि हा निर्णय देशोदेशींच्या शासनांवर सोपविला. परवान्याबरोबर प्रत्येक चालकास एक संकेतनाव मिळते. भारतीय संकेतनावांच्या आरंभी ‘व्हीयू’ ही अक्षरे असतात. त्यानंतर एक अंक व पुन्हा काही अक्षरे येतात. हेच चालकाचे आकाशातील नाव होय. जात, हुद्दा वा संपत्ती यांचा त्यात मागमूस नसतो.

नियमांतील निषेध विधींपेक्षा अधिक बोधप्रद आहेत. हौशी केंद्रावरून व्यापारी निरोप देता येत नाही, संगीत वाजविता येत नाही आणि सांकेतिक भाषेत गुप्त बोलणे करता येत नाही. इतरांचे निरोप पोहोचविण्यासही सामान्यतः बंदी असते. मात्र नैसर्गिक आपत्तीच्या प्रसंगी ही बंदी शिथिल होते. एरवी ज्या गोष्टीस मनाई, तीच संकटकाळी या चालकांची मुख्य कामगिरी ठरते. सबब ते काम अचानक, पूर्वाभ्यासावाचून करण्याची वेळ येऊ नये यासाठी मंडळाची आवश्यकता असते.

जागा आणि तरंग

रेडिओ-तरंग कोठवर पोहोचेल हे मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते : तरंगलांबी, आकाशकाची उंची आणि दिवसाची वेळ. तरंगलांबी काढण्याची रीत सोपी आहे. ३०० या संख्येस मेगॅहर्ट्‌झमधील कंप्रतेने भागले की मीटरमध्ये तरंगलांबी मिळते. हौशी चालकांच्या आवडीच्या ७ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात ती सुमारे ४० मीटर येते, तर १४५ मेगॅहर्ट्‌झवर सुमारे २ मीटर. आकाशकाची लांबी बहुधा तरंगलांबीच्या निम्मी ठेवतात. म्हणून ४० मीटरच्या पट्ट्यासाठी सुमारे २० मीटर लांबीची तार दोन झाडांच्या किंवा दोन गच्च्यांच्या मध्ये ताणावी लागते. २ मीटरच्या पट्ट्यासाठी मात्र हातभर लांबीची कांडीही पुरते.

या दोन पट्ट्यांचे स्वभाव भिन्न आहेत. चाळीस मीटरचे तरंग वर जाऊन आयनांबरावरून परावर्तित होतात आणि पुन्हा भूमीवर उतरतात. दिवसा त्यांच्यावर काहीशे किलोमीटरपर्यंत चांगले संभाषण होते, म्हणून चेन्नईचा चालक सकाळी बंगळूर वा मदुराईशी सहज बोलू शकतो. सूर्यास्तानंतर आयनांबराचा खालचा, तरंग शोषून घेणारा थर विरतो आणि तेच तरंग हजारो किलोमीटर दूर जातात. दोन मीटरचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे त्यांना क्षितिजाची मर्यादा पडते. हे अंतर किलोमीटरमध्ये काढावयाचे असल्यास आकाशकाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ घेऊन त्यास सुमारे ४.१ ने गुणावे. २५ मीटर उंचीच्या गच्चीवरील आकाशकाचे क्षितिज सुमारे २० किलोमीटरवर येते. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील यंत्राचे क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर असते. या दोघांत २५ किलोमीटरपर्यंत संपर्क होऊ शकतो. वाटेतील इमारती व झाडे हे अंतर पुष्कळच कमी करतात. म्हणून उंच जागी पुनःप्रक्षेपक बसवितात. खालून आलेला क्षीण संदेश तो टिपतो आणि अधिक शक्तीने पुन्हा सोडतो.

आता अड्यारचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. चेन्नईच्या पश्चिमेकडील तलावांचे पाणी घेऊन अड्यार नदी सैदापेट, कोट्टूरपुरम असे करीत पूर्वेस येते आणि बंगालच्या उपसागरास मिळते. मुखाशी वाळूचा बांध साचतो व मागे खाडी पसरते. दक्षिण तीरावर थिऑसॉफिकल सोसायटीची विस्तीर्ण वनराई, तिच्यापुढे ऊरूरसारख्या कोळीवाड्या आणि बेझंट नगरचा किनारा आहे. पश्चिमेस, काही अंतरावर, भारतीय तंत्रविज्ञान संस्था व गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. जमीन सपाट व समुद्रसपाटीपासून अगदी थोडी उंच आहे. समुद्राकडे तरंगांना कोणताच अडथळा नाही, ही चालकाची सोय होय. पाण्यालाही कोणताच अडथळा नाही, हे वस्तीचे दुर्दैव होय. खारा वारा तांब्याचे सांधे काही महिन्यांत खाऊन टाकतो. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सांधा घासून, डाख देऊन, झाकून ठेवणे हे किनाऱ्यावरील चालकाचे वार्षिक कर्तव्यच असते. मद्रासचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो, हेही महाराष्ट्रातील वाचकाने लक्षात ठेवावे.

मंडळाचे रोजचे काम

मंडळाचे पहिले काम शिकविण्याचे असते. बारा वर्षांवरील मुलामुलींना परीक्षेस बसता येते. जुना चालक नव्याला ओहमचा नियम शिकवितो, डाख देणे शिकवितो आणि पहिल्या संभाषणाच्या वेळी त्याच्या शेजारी बसतो. चेन्नईत सुट्या भागांसाठी माउंट रोडलगतचा रिची स्ट्रीटचा बाजार प्रसिद्ध आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्यांनी कधी संधारित्रे व स्फटिक धुंडाळले असतील, त्यांना त्या गल्लीची कल्पना सहज येईल. तयार यंत्र महाग असल्यामुळे स्वतः बांधण्याची परंपरा भारतात टिकून राहिली. हैदराबादचे अशहर फरहान यांनी आराखडलेले ‘बिटएक्स’ हे साधे, स्वस्त यंत्र या परंपरेतूनच निघाले आणि जगभर बांधले गेले.

दुसरे काम ठरलेल्या वेळी एकत्र जमण्याचे. ही भेट आकाशात होते. ठरलेल्या कंप्रतेवर एक चालक नियंत्रकाचे काम पाहतो. तो एकेकाला क्रमाने बोलावितो, प्रत्येकाचा आवाज कसा येतो ते नोंदवितो आणि सभा आटोपती घेतो. बाहेरच्या माणसास हे निव्वळ हवापाण्याचे बोलणे वाटेल. परंतु शहराच्या कोणत्या कोपऱ्यातून कोणते केंद्र ऐकू येते, याचे अद्ययावत ज्ञान मंडळास यातूनच मिळते.

तिसरे काम खेळांचे. एक प्रक्षेपक वस्तीत कोठेतरी लपवावयाचा आणि दिशादर्शक आकाशकाच्या साह्याने तो हुडकून काढावयाचा, या खेळास ‘कोल्ह्याची शिकार’ म्हणतात. वर्षातून एखाद्या दिवशी मैदानात वा किनाऱ्यावर तंबू ठोकून, विजेच्या घरगुती जोडणीवाचून, केवळ विद्युत्-घटांवर केंद्र चालविण्याचा सराव होतो. ऑक्टोबरमध्ये बालवीरांचा आकाशातील मेळावा भरतो. १९५८ पासून चालत आलेल्या या उपक्रमात मुले हौशी केंद्रावर येऊन परदेशातील मुलांशी बोलतात. मोटारींच्या शर्यती वा दौडीच्या स्पर्धा यांच्या मार्गावर चालक ठिकठिकाणी उभे राहून संपर्क ठेवतात. या सर्वांत गंमत आहेच, पण प्रत्येक खेळात संकटकाळचे एकेक कौशल्य दडलेले आहे. लपलेला प्रक्षेपक शोधता येणे, वीज नसताना यंत्र चालविता येणे आणि अनोळखी माणसाचा निरोप अचूक देता येणे, ही ती कौशल्ये होत.

या छंदाचे आणखी एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही किंवा ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांनाही येथे पूर्ण बरोबरीचे स्थान मिळते. कान व बोट एवढीच येथील साधने असून त्यांच्या बळावर एखादा अंध चालक डोळस चालकाहून सरस ठरू शकतो.

दोन डिसेंबर

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ भूकंप झाला आणि दोन-अडीच तासांनी त्सुनामीच्या लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळल्या. राज्यात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य नागपट्टिनम जिल्ह्यातील होती. चेन्नईत अड्यारच्या मुखाजवळील कोळीवाड्यांनाही तडाखा बसला. त्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी चालकांचे एक पथक अंदमानातील पोर्ट ब्लेअर येथे छंदाच्या मोहिमेवर गेलेले होते. बेटांचा दूरध्वनी-संपर्क कोलमडताच या पथकाने मोहीम थांबविली आणि आपले केंद्र निरोपांसाठी खुले केले. मुख्य भूमीवरील नातलगांना आपला माणूस जिवंत आहे, एवढे एक वाक्य कळविणे हेच त्या दिवसांतील सर्वांत मोठे काम होते.

दुसरी आपत्ती अड्यार नदीनेच आणली. १ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या पावसाने चोवीस तासांत तांबरम येथे सुमारे ४९० मिलिमीटर आणि चेम्बरंबाक्कम येथे सुमारे ४७५ मिलिमीटरची मजल गाठली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस मुंबईकरांच्या स्मरणात असेल. चेन्नईचा आकडा त्याच्या निम्मा असला, तरी तेथील जमीन महिनाभराच्या पावसाने आधीच तुडुंब झाली होती. चेम्बरंबाक्कम जलाशयातून सेकंदास २९,००० घनफूटपर्यंत पाणी सोडण्यात आले आणि रात्रीतून नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. पाणी सोडण्याची वेळ आणि लोकांना मिळालेली सूचना हे दोन्ही पुढे तीव्र वादाचे विषय झाले. विमानतळ बंद पडला. कर्मचारी छापखान्यात पोहोचू न शकल्यामुळे १८७८ पासून चालत आलेले ‘द हिंदू’ हे वृत्तपत्र २ डिसेंबरला निघू शकले नाही.

वीज गेली आणि तिच्यामागोमाग भ्रमणध्वनीही गेले. त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. भ्रमणध्वनीचा प्रत्येक मनोरा विजेवर चालतो. वीज खंडित झाल्यावर त्याचे घट काही तास पुरतात. त्यानंतर जनित्रासाठी तेल लागते, आणि पाण्याने वेढलेल्या मनोऱ्यापर्यंत तेल पोहोचत नाही. मनोरा उभा असतो, परंतु मुका होतो. हौशी केंद्रास मात्र मध्ये कोणताही मनोरा लागत नाही. दोन माणसे, दोन यंत्रे व दोन घट एवढ्यावर त्याचे काम भागते. शहरातील आणि बाहेरून मदतीस आलेल्या हौशी चालकांनी त्या दिवसांत निरोप पोहोचविण्याचे जे काम केले, ते या साधेपणामुळेच शक्य झाले.

निरोप कसा जातो

समजा, नदीकाठच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध रुग्ण अडकला आहे. त्याच्या जवळ उभा असलेला चालक प्रथम नियंत्रक केंद्रास हाक देतो आणि परवानगी मिळेपर्यंत थांबतो. नंतर तो निरोपाचा क्रमांक, निकड, वेळ, कोणाकडून, कोणास आणि मजकूर याच क्रमाने सांगतो. इमारतीचे नाव अक्षरा-अक्षराने उच्चारतो. नियंत्रक संपूर्ण निरोप उलट वाचून दाखवितो आणि चालकाने ‘बरोबर’ म्हटल्यावाचून तो पुढे पाठवीत नाही. ‘तिसरा’ व ‘तेरावा’ यांतील चूक येथे जिवावर बेतू शकते. नोंदवहीत वेळ टिपली जाते, म्हणजे मदत पोहोचली की नाही याचा पाठपुरावा करता येतो.

घटाचा हिशेबही आधीच मांडलेला असतो. ऐकताना अर्धा अँपिअर व बोलताना पाच अँपिअर घेणारे यंत्र दहांतला एक भाग वेळ बोलत असेल, तर सरासरी सुमारे एक अँपिअर खर्च होतो. मोटारीचा ४० अँपिअर-तासांचा घट निम्माच वापरावा, असे धरले तरी तो वीस तास पुरतो. म्हणून जाणता चालक कमी बोलतो व अधिक ऐकतो. संकटात पाल्हाळ हा शिष्टाचाराचा नव्हे, विजेचा अपव्यय ठरतो.

अडचणी

हौशी चालकांची संख्या अमेरिकेत सात लाखांहून अधिक आहे. भारतात ती हजारांतच मोजावी लागते. परीक्षेनंतर पोलीस-चौकशी व परवाना यांत महिनोन्महिने जातात आणि तोवर विद्यार्थ्याचा उत्साह मावळतो. अड्यारसारख्या वस्तीत जुनी बंगल्यांची आवारे जाऊन सदनिका आल्या. गच्ची सर्वांच्या मालकीची झाल्यामुळे आकाशकाची तार ताणण्यास शेजाऱ्यांची संमती लागते आणि ती नेहमीच मिळते असे नाही. तरुणांच्या खिशात जगाशी बोलणारे यंत्र आयते असल्यामुळे त्यांना या खटाटोपाचे प्रयोजन कळत नाही.

या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. निव्वळ बोलण्यासाठी आज कोणासही हौशी रेडिओची गरज नाही. परंतु भ्रमणध्वनी वापरणारा माणूस व्यवस्थेचा ग्राहक असतो. व्यवस्था बंद पडली की त्याच्या हाती काही उरत नाही. हौशी चालकास व्यवस्था कशी उभी राहते हे ठाऊक असते, आणि म्हणूनच तो मोडक्यातोडक्या साधनांतून ती पुन्हा उभी करू शकतो. पुराच्या दिवशी हे ज्ञान विकत घेता येत नाही. ते आधीच्या अनेक कोरड्या रविवारी, डाखाच्या धुरात व खेळाच्या निमित्ताने, साठवावे लागते.

म्हणून अशा मंडळास गच्चीचा एक कोपरा, शाळेतील एक खोली आणि परवान्याच्या कामी थोडी तत्परता मिळाली, तर तो उपकार ठरत नाही. नदीकाठी राहणाऱ्या नगराने स्वतःच्या सुरक्षेसाठी भरलेला तो अत्यल्प हप्ता होय. शंभर वर्षांपूर्वी मद्रासच्या क्लबने आपला प्रक्षेपक शहराच्या हवाली केला. आजच्या मंडळांपाशी देण्याजोगे त्याहून मोलाचे धन आहे, आणि ते म्हणजे संदेश अचूक पोहोचविण्याची सवय असलेली माणसे.